पक्का कागद

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय टिंगू,

अनेक आशीर्वाद. चाळिशी ओलांडलेल्या बाईला टिंगू म्हणू नये, असं तू मागे बजावलं होतंस. लक्षात आहे, पण हात ऐकत नाही. आम्ही इकडे ठीक. ह्यांचा गुडघा होता तसाच आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी टाकीच्या पाण्यावरून पुन्हा तोंड सोडलं, आणि मीही या वेळी गप्प बसले नाही. एकूण सगळं सुरळीत चाललंय.

पत्र कशाला लिहिते असं वाटेल तुला. एक तर कागद पाठवायचाच होता. दुसरं म्हणजे तुझ्याशी फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. बाबांना ऐकू यावं म्हणून तू फोन कायम स्पीकरवर टाकतेस, आणि मग माझं बोलणं बाबा ऐकतात, तुझे अहो ऐकतात, दोन गवंडी ऐकतात. परवा मी माझ्या पाठदुखीबद्दल सांगत होते तर मागून कुणीतरी 'शेक घ्या ताई' म्हणालं!

तर तुझ्या घराच्या नव्या वायरिंगचा बाबांनी काढलेला कच्चा कागद मिळाला. कॅलेंडरची चार पानं पाठीमागून चिकटवून केवढं मोठं काढलंय! फोटो पाठवला असता तर चाललं नसतं का म्हणून विचारलं, तर म्हणाले फोटोत मापं खोटं बोलतात. मी तीन दिवस बसून पक्का कागद केलाय, तो सोबत आहे. वायरमनला सांग, भिंतीवर चिकटव आणि त्याच्यावरच काम कर. कच्चा मी इथेच ठेवून घेतलाय, बाबांचं अक्षर आता फार थरथरतं, तीनचा आठ वाचेल तो.

तू लहान होतीस, तुला पूर्ण आठवत नसेल. बाबा जिथे जिथे वायरिंगला जायचे, तिथला कच्चा कागद संध्याकाळी माझ्यापुढे यायचा. मी जेवणाच्या टेबलावर पट्टी घेऊन बसायचे. लाल रेघ म्हणजे वीज, निळी म्हणजे चित्र, हिरवी म्हणजे आवाज. त्या काळात हिरवी फक्त दाराच्या घंटीला लागायची. माझी हिरवी पेन्सिल कधी संपायचीच नाही. तुझ्या घराने मात्र एका कागदात अर्धी खाल्ली.

पाच स्पीकर, आणि कोपऱ्यात तो एक ढम्म करणारा! सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत टीव्ही यावा म्हणून तुझ्या अहोंना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून बाबांनी भिंतीवर खडूची खूण केली म्हणे. त्यांनी मान सरळ ठेवली नाही म्हणून दोनदा ओरडा खाल्ला. छान. उद्या नवीन काही यंत्र निघालं तर भिंत फोडायला नको, म्हणून एक रिकामा पाईपसुद्धा, पुढे वायर ओढून घ्यायला आत तार घालून. लाल आणि हिरवी कुठेही शेजारून जाऊ द्यायच्या नाहीत, मध्ये एक वीत अंतर हवं, नाहीतर स्पीकर गुणगुणतो. हे त्यांनी कागदावर चार ठिकाणी लिहिलंय. अजून जन्माला न आलेल्या यंत्राचाही विचार केलाय माणसाने! आमच्याकडे टीव्हीच्या मागे एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला लटकलेला दुसरा, आणि दुसऱ्याला चिकटपट्टी. अकरा वर्षं बाबा त्याच्यासमोर बसतायत. असो. माझं काही म्हणणं नाही.

छोट्या खोलीचं तू काय ठरवलंयस? इस्त्रीचं टेबल आणि ट्रंका ठेवणार म्हणाली होतीस ना? मग तिथे एक दिवा, एक पंखा, एक प्लग एवढं पुरे आहे. बाकी सगळं जसंच्या तसं उतरवलंय. दोनदा ताडून पाहिलंय.

बाबा पंधरा दिवस म्हणून गेले होते. हा पाचवा आठवडा चालू आहे. त्यांची निळी चप्पल इथेच राहिली आहे, पाठवू का? की येतायतच आता?

तुझी,
ताई

----------

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय टिंगू,

आशीर्वाद. रविवारी फोनवर तू सांगत होतीस आणि मागे ड्रिलचा आवाज, मला अर्धंच कळलं. म्हणून पुन्हा विचारते, नीट आठवून लिही.

बाबांनी पक्का कागद बघितला, तेव्हा नक्की काय केलं? तू म्हणालीस, चष्मा लावला, प्रत्येक रेघेवरून बोट फिरवलं, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, 'बरोबर आहे. ताईने काढलंय म्हणजे बरोबरच असणार.' एवढंच? दुसरं काही नाही? कच्चा कागद मागितला नाही? रबर, पेन्सिल काही? बोट कुठे थांबलं का? मी उगाच विचारतेय असं समजू नकोस. कामात चूक राहायला नको, एवढंच.

तू पाठवलेले फोटो बघितले. बाबा शिडीशेजारी उभे, कानावर पेन्सिल, आणि तोंडभर हसू. हे हसू मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं, ते बघायला मला फोन उघडावा लागला. ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, 'बघ, दहा वर्षांनी तरुण झाले तुझे बाबा.' मी म्हटलं, होणारच, टिंगूचं घर आहे! जरा खवचटपणेच म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तुला आठवतंय का, नव्या घराचं वायरिंग पुरं झालं की बाबा आपल्याला घेऊन जायचे? घरमालक, त्यांची बायको-मुलं, सगळे उभे. आणि बाबा तुला उचलून घ्यायचे, 'दाब' म्हणायचे, आणि पहिला दिवा तू लावायचीस. सगळे टाळ्या वाजवायचे. मी खाली उभी, हातात कागदाची गुंडाळी. कागद मी काढायचा आणि बटण तू दाबायचं. एकदा मी आईला म्हटलं, मला का नाही? आई म्हणाली, 'अगं, तुझा हात पोचतो, तिचा पोचत नाही, म्हणून.' आता यावर काय बोलणार! हात पोचतो ही माझी चूक.

मी बावन्न वर्षांची आहे. घरात कुणाला कळलं की मी अजून त्या बटणावर रुसले आहे, तर हसतील. तूही हसशील. हस.

आणखी एक. तू म्हणालीस, शुक्रवारपासून बाबा आत कामावर येत नाहीत, बाहेर पायरीवर बसतात. थकले असतील. धुळीचा त्रास होत असेल. त्यांना जबरदस्ती करू नकोस. भिंतींना गिलावा कधी करणार आहात ते मात्र मला तारखेसह कळव. आठवणीने.

तुझी,
ताई

----------

१७ फेब्रुवारी, सोमवार

टिंगू,

हे पत्र हातात पडलं की आधी सोबतचा कागद उघड आणि वायरमनला दे. मग पुढचं वाच. हे उद्या कामासाठी तुमच्याकडे येतायत, त्यांच्या हाती देते आहे. त्यांना यातलं काही माहीत नाही. तुमचा गिलावा गुरुवारी आहे. म्हणजे तुझ्याकडे बुधवारचा एक पूर्ण दिवस आहे.

मी पक्क्या कागदात एक रेघ गाळली. राहून गेली नाही, गाळली.

बाबांच्या कच्च्या कागदावर टीव्हीच्या मागच्या बॉक्समधून एक हिरवी रेघ निघते. हॉलच्या भिंतीतून दाराच्या चौकटीवरून छोट्या खोलीत जाते, आणि पलंगाच्या उशाशी खाली उतरते. तिथे एक लहान स्पीकर, आणि हाताला येईल असं एक बटण. तू म्हणतेस तिथे इस्त्रीचं टेबल. बाबांनी तिथे पलंग काढलाय. आणि स्पीकर एकच, उशाच्या डाव्या बाजूला, जमिनीपासून दोन फुटांवर. उजवीकडे काही नाही. बाबांचा उजवा कान पूर्ण गेलाय, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

रात्री टीव्ही हॉलमध्ये हळू चालू राहील, आणि त्यांना त्यांच्या उशाशी ऐकू येईल. कुणाला त्रास नाही. कागदावर हे असं आहे. तुला त्यांनी सांगितलं नसणार, खात्री आहे माझी. तो माणूस मागत नाही. तो पॉइंट काढतो आणि वाट बघतो, कुणी काही म्हणतंय का.

मी ती रेघ बघितली आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. पंधरा दिवसांसाठी गेलेत म्हणे! अकरा वर्षं मी औषधं दिली, त्यांचे डबे भरले, दवाखान्याच्या रांगा लावल्या, आणि माणसाने तुझ्या भिंतीत स्वतःसाठी जागा करून टाकली, आणि वर तो कागद माझ्याकडेच पाठवला, पक्का करायला! मी तुझा हेवा करते, टिंगू. आजचा नाही, तुझ्या पाळण्यापासूनचा. तुझ्या पाच स्पीकरचा, तुझ्या रिकाम्या पाईपचा, त्या फोटोतल्या हसण्याचा. मी हिरवी पेन्सिल खाली ठेवली आणि उरलेला कागद पुरा केला. नंतर मस्त झोप लागली मला, तेही सांगते.

आता जे तुला कुणीच सांगितलेलं नाही ते.

बाबा तुझ्याकडे यायच्या अकरा दिवस आधीची गोष्ट. बातम्या लावल्या होत्या, आवाज पार वर. खालच्या बाई वर येऊन दारात उभ्या. माझा स्वयंपाक अर्धवट, डोकं दुखत होतं. मी रिमोट त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, 'बाबा, तुमचे कान गेलेत, आमचे तरी राहू द्या.' त्या बाईंच्या समोर म्हटलं. एरवी काही ऐकू येत नाही त्यांना, पण हे आलं. ते उठले, टीव्हीचा प्लग काढला, वायर कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळली, ते गुंडाळतात तशी, आणि वेटोळं टीव्हीच्या वर ठेवून दिलं. अकरा दिवस त्यांनी टीव्हीकडे बघितलं नाही. मीही माफी मागितली नाही. रोज ठरवायची, उद्या बोलू. मग तुझा फोन आला, 'बाबा, घर फोडलंय, येता का वायरिंग बघायला?' आणि ते दुसऱ्या दिवशी टेस्टर खिशात घालून निघालेसुद्धा. मी तुला सांगितलं, त्यांना हवापालट हवा होता. हा हवापालट!

आणि ते एक्स्टेन्शन बोर्डाचं मी तुला इतकं लागेल असं लिहिलं ना? बाबांनी तीन वेळा म्हटलं होतं, 'ताई, एक दिवस दे, टीव्हीच्या मागे नीट पॉइंट काढून देतो.' तिन्ही वेळा मी म्हटलं, नको बाबा, आता धूळ नको. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. तूच काय ती लाडकी म्हणून तुझ्या भिंती फोडल्या असं नाही. तू फोडू दिल्यास.

मला वाटलं होतं, चूक सापडली की बाबा विचारतील. 'ताई, ही एक रेघ राहिली गं.' मी म्हणणार होते, 'अय्या हो का!' आणि मग काय झालं असतं ते माझं मलाच ठाऊक नाही. पण त्यांनी बोट फिरवलं, थांबले आणि म्हणाले बरोबर आहे. तुझ्या फोनवरून मी ते ऐकलं तेव्हाच मला कळून चुकलं. माझ्या हातची रेघ चुकत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? शाळेत असल्यापासूनचे माझे कागद बघितलेत त्यांनी. रेघ नाही म्हणजे ताईने नाही म्हटलं. पण घर ताईचं नाही, मग ती कुणाच्या वतीने नाही म्हणणार? धाकटीच्या. म्हणजे धाकटीनेच ताईला कळवलं असणार. दोघींनी मिळून ठरवलं. त्यांनी असंच जुळवलं असणार, टिंगू. मी ओळखते ना त्यांना.

तरीही मी गप्प बसले. बुधवारी तुला पत्र लिहिलं आणि बटणाचं रडगाणं गायलं.

काल तू फोनवर हसत हसत सांगितलंस. तुझ्या वायरमनने गेल्या महिन्यात कुठल्याशा वृद्धाश्रमाचं वायरिंग केलंय, आणि बाबा पायरीवर बसून त्याला विचारत होते, 'तिथे प्रत्येक खाटेजवळ प्लग आहे का?' तू म्हणालीस, 'बघ ना ताई, बाबांना जिथे तिथे प्लगच दिसतात.' तुझे अहोही हसले. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. हे विचारत होते काय झालं. मी पट्टी आणि पेन्सिली काढल्या.

तुला फोन करून दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मी रडले असते आणि तू 'जाऊ दे गं ताई' म्हणाली असतीस. मला जाऊ द्यायचं नाहीये. म्हणून कालपासून बसून नवा पक्का कागद केलाय. त्यात सगळं आहे. हिरवी रेघ, स्पीकर, बटण, पलंग. लाल रेघेपासून एक वीत लांब. चौकटीवर वळण दोन बेंडमध्ये घ्या, एकात नको, वायर ओढताना अडकते.

आता ऐक. थोरली म्हणून सांगत नाही, विनवते आहे.

बुधवारी खाच मारून पाईप टाक. वायर ओढून घे. बाबांना बाहेरून आत बोलाव, आणि त्यांच्या हाताने तो बॉक्स बसवू दे. इस्त्रीचं टेबल दुसरीकडे ने, तुझ्या घरात जागेला तोटा नाही. त्यांना सांग की ताईकडून चूक झाली नाही. ताईने मुद्दाम गाळलं. टिंगूला काही माहीत नव्हतं. सांभाळून घेऊ नकोस, मवाळ करू नकोस. का गाळलं विचारलं तर सांग, तिला तुम्ही तिच्याच घरी हवे होतात आणि तिला ते नीट मागता आलं नाही. स्पीकरवर नव्हे, समोर बसून सांग. ऐकू गेलं नाही तर पुन्हा सांग.

आणि हे सगळं झालं, पाईप भिंतीत गेला, वर गिलावा चढला, मग विचार. ताईकडे जायचं की इथे राहायचं? आधी विचारू नकोस. माझा जीव तुटतोय की त्यांनी इकडे यावं. मी ह्यांना सांगून टीव्हीच्या मागची भिंत मोकळी करून ठेवली आहे, खालच्या बाईंना काय सांगायचं तेही ठरवलंय. पण तुझ्याकडे जागा नाही म्हणून ते माझ्या दारात आले, तर मी जन्मभर त्यांच्या तोंडाकडे बघत बसेन आणि मला कधीच कळणार नाही की ते आले, की त्यांना यावं लागलं.

ते 'इथेच राहतो' म्हणाले, तर मला लगेच कळव. मी त्यांचे कपडे, औषधांचा डबा आणि निळी चप्पल घेऊन स्वतः येईन. माझं तोंड वाकडं झालेलं असेल, तेवढं चालवून घे.

तुझ्या आधी त्यांची झालेली,
ताई